यंत्राला मराठी शिकवणाऱ्या झाडेबाई

झाडेबाईंना 'जरा' हा शब्द सहन होत नसे.

एकदा आर्वीच्या मोटारीत कंडक्टर त्यांना म्हणाला, "बाई, जरा सरका." बाईंनी शांतपणे वर पाहिलं आणि विचारलं, "कोणीकडे? अन किती?" तो गोंधळला. बाईंच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. शेवटी बिचाऱ्यानं हाताची वीत करून खिडकीकडे दाखवली. बाई वीतभर सरकल्या आणि म्हणाल्या, "हं. आता समजलं." आर्वी येईपर्यंत तो कंडक्टर पुन्हा आमच्या बाजूला फिरकला नाही.

एकोणीसशे पन्नास आणि साठ यांच्या मधली ती वर्षं. वर्ध्याच्या एका कॉलेजात झाडेबाई गणित शिकवत आणि मी मराठी. मी मूळची साताऱ्याकडची. त्या आर्वीकडच्या शेतकरी घरातल्या, नागपुरात एम.एस्सी. झालेल्या. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलत, पण मन कशात गुंतलं की 'मले', 'तुमाले' आणि तिकडच्या बायकांचं 'मी जातो' सुरू. प्राध्यापिका आम्ही दोघीच, म्हणून आम्हाला एक वेगळी खोली होती. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि बहुतेक वेळ शांतता. कारण झाडेबाई खिडकीतून बाहेर पाहत बसलेल्या असत. हंगामात जिनिंगमधून उडालेले कापसाचे तंतू गावभर तरंगत असायचे. ते बाईंच्या केसांवर येऊन बसत, खांद्यावर उतरत. बाईंना पत्ता नसे.

"काय पाहता?" मी एकदा विचारलं.

"मशीन," त्या म्हणाल्या.

खिडकीबाहेर कडुनिंब होता आणि त्याखाली एक बकरी.

ते मशीन कलकत्त्याला होतं. आदल्या उन्हाळ्यात गणिताच्या प्राध्यापकांसाठी तिथं एक शिबिर होतं, त्याला बाई गेल्या होत्या. परत आल्या त्या अर्ध्याच. उरलेल्या बाई तिथंच राहिल्या होत्या. हिशेब करणारं विजेचं यंत्र, खोलीएवढं मोठं, आत दिवे लुकलुकतात, एवढं मला कळलं. पण बाईंचं मन दिव्यांत अडकलं नव्हतं.

"त्याच्याशी बोलाले लोकं नुसते आकडे टाकून राह्यले होते, सुमनबाई. आकडे अन आकडे. एक चुकला की दिवस गेला. मी त्यायले म्हटलं, काऊन असं? त्याले शब्द शिकवा न!"

"मग?"

"हासले."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी यंत्रासाठी भाषा करायला घेतली. 'घे', 'ठेव', 'मिळव', 'मोज', 'थांब'. तोंडावर बोट ठेवून त्या एकेका शब्दाला पारखत. माझ्या विषयावर तर त्यांचा रागच होता. मी कविता शिकवून आले की विचारत, "आज एका शब्दाचे किती अर्थ सांगितले?" मी मोठ्या अभिमानानं सांगायची. त्या कपाळाला हात लावायच्या. "दुसरा अर्थ पाह्यजे तर दुसरा शब्द आणा न! एकाच शब्दावर किती ओझं टाकता!"

आमचे शिपाई नामदेवराव वयानं मोठे, मिशीवाले. बाई त्यांना सांगत, "कँटीनमधी जा. दोन कप चहा घ्या. इथं आणा. टेबलावर ठेवा." नामदेवराव एक दिवस दुखावल्या स्वरात म्हणाले, "बाई, तुमी मले काय बैल समजता का?"

"नाई हो! बैलाले इतकं सांगा लागत नाई. मी तुमाले मशीन समजतो."

कलकत्त्याचं, विजेवर चालणारं मशीन, हे कळल्यावर नामदेवरावांची मिशी दोन दिवस ताठ होती.

यंत्र शेकडो मैलांवर, मग भाषा तपासायची कशी? बाईंनी मुलींचं यंत्र केलं. दुपारी मैदानात मुली ओळीनं उभ्या राहत. प्रत्येकीच्या हातात पाटी, पाटीवर एक आकडा. बाई शब्द उच्चारत, मुली आकडे घेत, ठेवत, पुसत आणि शेवटच्या पाटीवर उत्तर येई. आलं की बाईंचा चेहरा असा उजळे, जणू बेरीज जगात प्रथमच झाली. मुलींनाही त्या खेळाचं वेड लागलं. घरी आयांनी काम सांगितलं की म्हणत, "आई, एका वेळी एकच सांग."

त्यातच सिंधूचं प्रकरण घडलं. बाईंनी तिला सांगितलं होतं, "घंटा होईपर्यंत झाडाभोवती फिर." नेमके त्या दिवशी नामदेवराव केळझरच्या गणपतीला गेले होते आणि घंटा द्यायचं कोणाच्या लक्षात नव्हतं. तास संपला, मुली गेल्या, बाई शब्दांच्या नादात खोलीत आल्या. सिंधू फिरत होती. प्राचार्यांनी गॅलरीतून पाहिलं, ते धावत खाली आले.

"काय चाललंय हे? थांब!"

"थांबता येत नाई सर," सिंधू फिरता फिरता म्हणाली, "घंटा नाई झाली."

प्राचार्य तिच्यामागे, सिंधू पुढे, असे झाडाला दोनेक फेरे झाले. मी खिडकीतून पाहिलं आणि बाईंना हाक मारली. बाई धावत बाहेर गेल्या, स्वतः घंटा बडवली, सिंधू मटकन खाली बसली. प्राचार्य संतापानं लाल. बाई मात्र हरखून गेल्या होत्या.

"सर, सिंधू बरोबर आहे. चूक माझ्या भाषेतली आहे! घंटा झालीच नाही तर काय करायचं, ते सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हता."

प्राचार्यांनी मैदानावरचं यंत्र त्याच दिवशी बंद केलं. बाईंनी त्या चुकीवर निबंध लिहून कलकत्त्याला धाडला.

काही महिन्यांनी प्राचार्यांनीच मला बोलावलं. ते आता जरा ओशाळले होते. "झाडेबाईंना कलकत्त्याहून बोलावणं आलंय. संशोधनासाठी. आणि त्या नाही म्हणतायत. तुम्ही विचारून पाहा."

मी संध्याकाळी नालवाडीला त्यांच्या घरी गेले. इतक्या दिवसांत त्यांनी कधी बोलावलं नव्हतं, मीही गेले नव्हते. ओट्यावर खाटेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित. शेजारपाजारच्या बायका त्यांच्याभोवती मोठमोठ्यानं बोलत होत्या, "काका, बरं हाय का? जेवले का? वळखलं का मले?" म्हाताऱ्याचे डोळे भेदरलेल्या गुरासारखे इकडून तिकडे फिरत होते.

झाडेबाई आतून आल्या. बायकांना हातानं गप्प केलं. मग खाली वाकून, वडिलांच्या डोळ्यांत पाहत म्हणाल्या, "बाबा."

थांबल्या. त्यांची नजर स्थिर होईपर्यंत थांबल्या.

"पाणी."

पुन्हा थांबल्या. म्हाताऱ्यानं हळूच मान हलवली.

"घे."

डावा हात पुढे आला.

बायका गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "झटका आला तवापासून त्याले वाक्य समजत नाई. लय शब्द एकदम आले की भेते. पयले असा बोलणारा होता बाबा! वावरात गेला की काठच्या धुऱ्यावरूनच आवाज." त्यांनी वडिलांच्या हातातला रिकामा पेला घेतला. "मी कलकत्त्याले गेली, तं याच्याशी कोण बोलंन?"

उत्तर सुचलं ते त्यांनाच, आठवड्यानं. सकाळी खोलीत आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "मी बाबाले घेऊन जातो. तिथं बंगाली. मलेही समजत नाई, बाबालेही समजत नाई. इथं तो एकटाच तसा हाय. तिथं आमी दोघं राहू."

वर्धा स्टेशनवर नामदेवराव, सिंधू आणि मी पोचवायला गेलो. प्राचार्यही आले, हार घेऊन. बाईंनी वडिलांना खिडकीशी बसवलं. गाडी सुटताना आम्ही सगळे एकदम बोलू लागलो आणि मग एकदम गप्प झालो, म्हातारा घाबरेल म्हणून.

पुढं झाडेबाईंचं नाव झालं. त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. यंत्राला शब्द शिकवायला मोठ्या गावांतली मुलं त्यांच्याकडे येत. त्यांची मराठी भाषा मशीनच्या त्या एका खोलीबाहेर गेली नाही, परदेशातून इंग्रजी शब्दांच्या भाषा आल्या. बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. "मशीनले शब्द समजले न? कोणाचे का असनात," म्हणाल्या.

पण मला आठवते ती त्यांची पहिली दिवाळीची सुटी. एकट्याच आल्या. बाबा पावसाळ्यात गेले होते. घर आवरायला आल्या होत्या, पण आवरत काहीच नव्हत्या. आम्ही ओट्यावर बसलो. ऊन उतरलं होतं, हवेत कापूस तरंगत होता.

"बाबा मशीनच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बसे," त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "बंगाली बाया येऊन बोलत. तो नुसता हासे. कोणी त्याले 'समजलं का' विचारत नव्हतं. मग एक दिवस मशीननं माझे शब्द घेतले, सुमनबाई. अन उत्तर बरोबर आलं. मी धावत बाहेर आली. बाबाले सांगाव म्हटलं एकेक शब्द, पण राह्यवलंच नाई. सारं एका दमात बोलली. मोठी मोठी वाक्यं. बोलून झाल्यावर मलेच भेव वाटलं, आता हा घाबरते."

"मग?"

"घाबरला नाई. माझ्या तोंडाकडे पाह्यत राह्यला. मग बाकावर सरकला, अन बाजूच्या जागेवर डाव्या हातानं थापटलं. मी बसली. लय वेळ बसून होतो आमी."

समोरच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या गावाकडे चालल्या होत्या. त्या पार दिसेनाशा होईपर्यंत बाई त्यांच्याकडे पाहत होत्या.

"आता मशीन रोजच बरोबर उत्तर देते," त्या म्हणाल्या. "मी उठून व्हरांड्यात येतो. बाकापाशी उभी राह्यतो. अन वापस आत जातो."