तामोरेकाकांचा खुराक

आमच्या बोईसरच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे तामोरेकाका भेटल्यावर "बरी आहेस ना?" असं कधीच विचारत नाहीत. "पोटात काय हाय?" एवढंच विचारतात. "चहा" म्हटलं की संपलंच. "चहा म्हंजे काय खाणं हाय? अगं नंदे, रिकामी होडी लाटेवर नुसती नाचते, पुडं जात नाय!" मग मुठीत चार खजूर कोंबल्याशिवाय माणसाची सुटका नाही.

काका मूळचे चिंचणीचे, कोळीवाड्यातले. कारखान्यातून निवृत्त झाले आणि पळणाऱ्यांना खायला घालायचं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं. सकाळी आम्ही काही बायका मैदानावर पळायला जातो, तेव्हा हे पिशवी घेऊन कठड्यावर हजर. पळण्याआधी केळं, पळून झाल्यावर केळव्याच्या नारळाचं पाणी, त्यात मीठ. स्वतः मात्र ते एक पाऊल पळत नाहीत.

एकदा माझ्या नवऱ्याला व्यायामाचा झटका आला आणि त्यानं प्रोटीन पावडरचा भलामोठा डबा आणला. काकांनी तो हुंगला, बोट घालून चाटला आणि तोंड वाकडं केलं. "याच्यापरीस आमचा जवळा काय वाईट हाय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा मिक्सर मागून नेला. मला वाटलं, चटणी वाटायची असेल. संध्याकाळी स्टीलचा ग्लास भरून केळ्याचं शिकरण घेऊन दारात उभे. मी बावळटासारखा मोठा घोट घेतला. शिकरणात सुका जवळा, ती उग्र वासाची चिमुकली कोळंबी! भाजून, बारीक दळून! मी मोरीकडे धावले. काका मागून समाधानानं म्हणाले, "बग, ताकद आली." त्या मिक्सरला अजून वास येतो.

आणि तो तारापूर रोडवरचा प्रकार! सकाळच्या पाळीचा एक कामगार जीव खाऊन पळत होता. काकांनी त्याला आडवं होऊन थांबवलं आणि केळं सोलून तोंडापुढे धरलं. तो बिचारा ओरडतोय, "चाचा, दौड़ नहीं लगा रहा, कंपनी की बस छूट रही है!" काका म्हणाले, "तो भी खाओ." बस गेली. काकांनी त्याला दुसरं केळं दिलं. मी समोरून हे पाहत होते. लाजेनं मला कुठं तोंड लपवू असं झालं.

पण खरा धक्का बसायचा होता तो यंदाच्या नवरात्रात.

बायकांची पाच किलोमीटरची शर्यत नेमकी सप्तमीला आली. माझे नऊ दिवसांचे उपास. संध्याकाळी काय ती साबुदाण्याची खिचडी, सकाळी नुसता चहा. पळायच्या रेषेवर उभी होते, तेवढ्यात काका आले. "पोटात काय हाय?"

"काही नाही काका, उपास आहे."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझा दंडच धरला. "नाय पळायचं! रिकाम्या पोटी नाय पळायचं!" शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर ते धावून गेले, "थांबव म्हणतो ना!" सगळं मैदान आमच्याकडे बघायला लागलं. मला भयंकर संताप आला. "काका, देवीचं आहे. तुम्ही कशाला मध्ये पडता?"

त्यांनी पिशवीतून उकडलेलं रताळं काढलं. "उपासाला चालतं. खा. तुझ्या पाया पडतो, खा." आणि खरंच वाकले! सत्तरीचा माणूस माझ्या पायाशी! मी घाबरून रताळं तोंडात कोंबलं, पाणी प्यायले, तेव्हा कुठे ते बाजूला झाले.

शर्यत मी धडपणे पुरी केली. परत येऊन बघते तर काका वडाखाली डोकं धरून बसलेले, ओठ सुकलेले. पिशवीत अजून रताळी होती. मी एक पुढे केलं.

"मला नाय चालत. नऊ दिवस नुसतं पाणी."

मी ओरडलेच. अख्ख्या बोईसरला खाऊ घालणारा हा माणूस सात दिवस उपाशी?

काकांनी माझ्या हातातलं रताळं परत पिशवीत ठेवलं. मग म्हणाले, "माजी प्रणाली जिल्ह्याला पळणार होती. पालघरला. नवरात्रच होतं. मी नवस बोललो, पोरगी जिंकू दे, ती नऊ दिवस पाण्यावर राहील. तिला नाय विचारलं. पाचव्या दिवशी शर्यत. पयली होती, नंदे, सगळ्यांच्या पुडं होती. शेवटच्या वळणावर पडली. उठवली तर मला वळखंना."

"आता कुठे असते ती?"

"डहाणूला, सासरी. बरी हाय. पळत नाय कदी. दवाखान्यात मीच तिला पेज भरवली, म्हंजे नवस मोडलाच की." ते घोटभर पाणी प्यायले. "चार दिवसांचं देवीचं देणं राहिलं. दर सालाला मी नऊच्या नऊ करतो. उद्या देवीनं मागितलं तर पोरीकडं नको मागायला. मी हाय ना."

देवी आई आहे, ती आपल्या लेकरांकडून असं वसूल करत नाही, हे मला त्यांना सांगायचं होतं. पण त्या भरल्या मैदानात, सगळ्यांच्या देखत, मी ढसाढसा रडायला लागले.