विटेवर टेकलेला पेशंट

"फ्रीज आतून कसा चालतो, हे अख्ख्या पालम तालुक्यात दोघांनाच ठावं हाय. एक फ्रीजला, आन् दुसरं मला!"

बन्सीधर मिस्त्री हे वाक्य दिवसातून चारदा म्हणायचा. पालमच्या बस स्टँडसमोर त्याचं दुकान. बाहेर पाच-सात बंद फ्रीज मयताला आलेल्या पाहुण्यांसारखे गप्प उभे असायचे. बन्सीधर प्रत्येकाला 'पेशंट' म्हणायचा. नळीला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि दुखणं सांगून मोकळा व्हायचा!

एका सकाळी त्याच्याच गावच्या सरकारी दवाखान्यातून सुकेशनी सिस्टरचा फोन आला. (गावाचं नाव सांगत नाही. सिस्टर रागावतील.)

"बन्सीधरभाऊ, आमचा फ्रीज थंडच होईना! आत इन्सुलिन हाय. आन् दुपारी परभणीहून टीम यायलीय!"

"कसली टीम?"

"शुगरच्या पेशंटची काळजी आमी कशी घेतो, ते मोजायला. किती जणांची शुगर येळेवर तपासली, किती जणांचे पाय बगितले, डोळे बगितले, सगळ्याला मार्क हायेत!"

"फिकर करू नका. तासाभरात आत बर्फ पाडतो!"

"बर्फ नको, भाऊ! गोठलं की इन्सुलिन वाया जातं. थंड पाहिजे, गोठलेलं न्हाई."

बन्सीधर हत्यारं घेऊन निघाला खरा, पण त्याच्या मनात एक काटा होता. तो स्वतःच या दवाखान्याचा शुगरचा पेशंट! दोन वर्षांमागं कार्ड निघालं, गोळ्या मिळाल्या. आठ दिवस घेतल्यावर बरं वाटलं, म्हणून त्यानं स्वतःच स्वतःला सुट्टी देऊन टाकली.

दारातच सिस्टरनं विचारलं, "आन् तुमची शुगर कवा तपासायची?"

"आधी ह्याचं बगू द्या!" म्हणत तो फ्रीजच्या मागं शिरला.

सिस्टरनं इन्सुलिन लशीच्या थंड डब्यात हलवलं. बन्सीधरनं नळीला कान लावला. धडधाकट फ्रीजात गॅस पातळ होऊन एका बारीक, केसासारख्या नळीतून पुढं जातो, मोठ्या नळ्यांत पोचला की उकळतो, आणि उकळताना आतली सगळी उष्णता पिऊन टाकतो. खळखळ ऐकू येते. इथं मात्र चिडीचूप! बारीक नळी चोक!

त्यानं नळी कापली, नवी जोडली, बत्तीनं पितळ वितळवून डाग दिला. मधेच काहीतरी जळाल्याचा वास आला. त्यानं एकूण एक वायर हुंगून पाहिली. सगळ्या ठणठणीत! मग नळ्यांतली हवा ओढायला पंप लावला आणि तो फ्रीजमागं जमिनीवर पसरला. पंप घरघरत होता, एखादा मोठा माणूस घोरावा तसा.

टीम तासभर आधीच आली! डॉक्टर धम्मशीला मॅडम तरातरा चालत त्याच खोलीपाशी पोचल्या. दारावर पाटी, 'मधुमेह तपासणी'. दाराला पडदा. आतून घरघर.

"आत पेशंट आहे का?" मॅडमनी बाहेरूनच विचारलं.

"हाय की! जुना हाय," बन्सीधर फ्रीजमागून म्हणाला.

"काय होतंय त्यांना?"

"नळी चोक झालती. कापली, नवी जोडली."

मॅडम पडद्याजवळ सरकल्या. "इथं? कापली?"

"मंग काय परभणीला नेऊ? भिंतीपासून ओढला आन् कापला!"

मॅडमचा आवाज चिरकला. "पाय तपासलेत त्यांचे?"

"त्यात काय तपासायचं? एक मोडलाय. खाली वीट लावलीय."

"वीट?!"

"लय पक्की हाय!"

"आणि डोळे?"

बन्सीधरला वाटलं, मॅडम आतल्या बल्बला डोळा म्हणायल्यात. "ते कवाच गेले! उघडून बगा, आत नुसता अंधार!"

"अहो, पेशंट शुद्धीवर तरी आहे का?"

"आत्ता न्हाई. गॅस भरतो आन् करंट देतो. मंग बगा कसा थरथरतो!"

मॅडमनी पडदा असा ओढला की दांडीसकट हातात आला! त्यांनी फ्रीज पाहिला. वीट पाहिली. जमिनीवरचा बन्सीधर पाहिला. मागं सुकेशनी सिस्टर कपाळाला हात लावून उभ्या होत्या. मॅडम स्टुलावर बसल्या आणि चष्मा निसटेपर्यंत हसल्या.

हसून झाल्यावर त्यांनी शुगरच्या पेशंटच्या कार्डांच्या गठ्ठ्यातून डोळे मिटून एक कार्ड ओढलं. "नंबर एकशे चौदा. बन्सीधर. दोन वर्षांत एकच भेट. शुगर पुन्हा नाही, पाय नाही, डोळे नाहीत. सिस्टर, हा पेशंट गेला कुठं?"

"गेला न्हाई, मॅडम. फ्रीजच्या मागं हाय."

पळायला वाट नव्हती. बोटाला सुई टोचली. शुगर तीनशे बेचाळीस! मॅडमनी चप्पल काढायला लावली आणि त्या एकदम थांबल्या. अंगठ्याशेजारी शेंगदाण्याएवढा भाजल्याचा डाग होता, वर पितळेचा काळा थेंब चिकटलेला.

"हे कधी झालं?"

"काय?"

"हे. दुखत नाही?"

बन्सीधरनं वाकून पाहिलं आणि त्याला तो जळका वास आठवला. वायर नव्हती ती! जळाला होता तो त्याचाच पाय!

"पायाची जाणीव कमी झालीय, दादा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "अशाच जखमेकडं दुर्लक्ष झालं की पाय जातो. आज दिसलं, बरं झालं."

"खाली वीट लावून भागत न्हाई व्हय?" त्यानं हसायचा प्रयत्न केला.

"नाही भागत."

सिस्टर खाली बसून पट्टी बांधायला लागल्या. बन्सीधरला ते सहन होईना. "मॅडम, सिस्टरचे मार्क नका कापू. त्यांनी पाच येळा निरोप धाडला. मीच फ्रीज उघडून ठिवलाय म्हणून थापा मारल्या."

"मार्क कापावेच लागतील. पण हेही लिहिते," मॅडम म्हणाल्या.

चार वाजता फ्रीज चालू झाला. तासाभरात थर्मामीटरचा काटा बरोब्बर चार डिग्रीवर! इन्सुलिन आत गेलं, पण दोन बाटल्या बाहेरच राहिल्या. जखम भरेपर्यंत बन्सीधरला रोज इन्सुलिन घ्यायचं होतं. सुई कशी टोचायची ते सिस्टरनं दाखवलं आणि बाटल्या त्याच्या हातात ठेवल्या.

"घरी गेल्या गेल्या फ्रीजात ठेवा. बर्फाच्या खणात न्हाई, खालच्या कप्प्यात. कळलं?"

बन्सीधर जागचा हलेना. "सिस्टर, ह्ये इथंच तुमच्या फ्रीजात ठिवलं तर?"

"काहून? घरी फ्रीज न्हाई?"

"हाय की," तो पट्टीकडं बघत पुटपुटला. "दिवाळीपासून बंद हाय. आमची घरवाली रेणुका त्यात गोधड्या ठेवती. बिचारी लय मागं लागती, पण मिस्त्री रोज म्हणतोय, उद्या बगतो!"