गरुडाच्या बेटावरचं गाऱ्हाणं

मालनताईंनी ठरवलं होतं ते इतकंच, की बरोबर एक नारळ घ्यायचा. एका नारळानं कुणाचं काय वाकडं व्हायचंय?

त्यांच्या यजमानांना, भिकाजीरावांना, समुद्रगरुड बघायचा होता. आभाळातला ठिपका नव्हे, तर बुरोंडीच्या किनाऱ्यापासून लांब, भर समुद्रातल्या ओसाड बेटांवर, घरट्यावर बसलेला. सहल वर्षानुवर्षं रखडली आणि दर खेपेस मालनताईंपायीच. कधी सोळा सोमवार आडवे आले, कधी मार्गशीर्षातले गुरुवार, कधी ऐन वेळी धरलेलं पोथीचं पारायण. (देवाला ‘पुढच्या वर्षी’ सांगता येत नाही. नवऱ्याला येतं.)

यंदा मात्र डॉक्टरांनी भिकाजीरावांना काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती जपा, म्हणाले. मालनताईंनी स्वतःच लेकीला, अक्षयाला, बोलावून घेतलं आणि जमालभाईंची होडी ठरवली. आयुष्यात प्रथमच त्यांनी उपास सोडून प्रवास धरला होता.

होडी बेटाला लागली. खडकाच्या माथ्यावर काटक्यांचं भलंथोरलं घरटं होतं आणि त्यात पांढरंसं काहीतरी हललं. भिकाजीराव दुर्बीण पुसू लागले. पाखरू बुजरं आहे, आवाज करू नका, असं जमालभाईंनी हळूच बजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मालनताईंनी तर दोनदा हलवली.

पण खडकावर पाय ठेवताना त्यांना राखणदार आठवला. कोकणात जागा म्हटली की तिची राखण करणारा देव, राखणदार, आलाच. त्याला न सांगता आत शिरायचं म्हणजे परक्याच्या स्वयंपाकघरात चपला घालून जाण्यासारखं. बरं, गाऱ्हाणं, म्हणजे राखणदाराला घालायचं मागणं, ही काही कुजबुजायची गोष्ट नव्हे. इतक्या वर्षांचा राखणदार, त्याला ऐकू तरी कसं जायचं?

“अहो, टोपी काढा. डोळे मिटा,” त्या म्हणाल्या.

“अगं, आधी बघू तरी दे.”

“मागितल्याशिवाय कसं दिसेल?”

भिकाजीरावांनी मुकाट्यानं दुर्बीण खाली ठेवली. अक्षयानं आईकडे पाहून कपाळाला हात लावला आणि मग तोच हात जोडला.

“बा राखणदारा,” मालनताईंनी खडा सूर लावला, “लेकरं तुझ्या दारी आली आहेत. ह्यांच्या डोळ्यांना गरुड सुखरूप दिसू दे.”

“होय महाराजा.” सगळ्यात मोठा आवाज भिकाजीरावांचा. लहानपणापासून गावच्या देवळात कमावलेला. होडीतून जमालभाईंचाही आला. मासेमारीच्या हंगामाच्या सुरुवातीला गावातल्या होड्यांवर इतकी गाऱ्हाणी ऐकलेली की तोंडून आपसूक गेलं.

“अगदी जवळून दिसू दे.”

“होय महाराजा.”

आणि मालनताईंनी नारळ खडकावर आपटला.

गरुड उठला. त्यांच्या डोक्यावरून इतका जवळून गेला, की पंखांच्या वाऱ्यानं त्यांचा पदर उडाला. राखणदारानं मागणं अक्षरशः पुरं केलं होतं. फक्त तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. उघडे होते ते एकट्या मालनताईंचे, कारण डोळे मिटून नारळ फोडता येत नाही.

गरुड लांबवर घिरट्या घालत राहिला. आपण इथून हललो तरच तो पिलांकडे परतेल, असं जमालभाई म्हणाले, तेव्हा सगळे निमूट होडीत बसले.

परतताना मालनताईंना कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खोबरं सगळ्यांना वाटलं, स्वतःचा तुकडा मात्र पदराला बांधला. बेट मागं लहान होत गेलं. भिकाजीराव तिकडे बघत होते, कितपत दिसत होतं देव जाणे.

शेवटी त्यांनी विचारलं, “कसा होता गं?”

मालनताईंनी जीव ओतून सांगितलं. पोट धुतलेल्या तांदळासारखं पांढरं. पंख चुलीतल्या राखेच्या रंगाचे, दाराएवढे रुंद. भिकाजीराव डोळे मिटून ऐकत होते.

“आणि नजर?”

खोटं बोलण्याचा मालनताईंना सराव नव्हता.

“रागावलेली. तुम्हा कुणाकडे नाही बघितलं त्यानं. जाताना माझ्याकडेच बघत होता.”

भिकाजीरावांनी समाधानानं मान हलवली.

“नजर तीक्ष्ण असते म्हणतात,” ते म्हणाले, “ते खरं म्हणायचं.”