दोन लिटर चीक

मथुराबाईंच्या ओसरीवरची स्टीलची किटली घासूनपुसून उपडी घातलेली होती, आणि महारुद्र बर्फाचा डबा छातीशी धरून तिच्याकडे नुसता बघत उभा होता. सायकलच्या कॅरिअरला बांधून आणताना अर्धा बर्फ वाटेतच वितळला होता. उरलेला आता त्याच्या शर्टातून पायजम्यात उतरत होता.

"माय, ह्या किटलीत चीक व्हता."

"व्हता की," मथुराबाई ज्वारी पाखडता पाखडता म्हणाल्या.

"मंग कुठं गेला?"

"वाटला."

महारुद्रानं डबा खाली ठेवला आणि त्याच्यावरच बसला. बुडाला गारठा लागला तरी त्याला उठायचं सुचलं नाही.

महारुद्र पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होता. गाय व्याल्यावरच्या पहिल्या दाट, पिवळ्या दुधात, म्हणजे चिकात, एक प्रथिन असतं आणि ते पोटातल्या जंतूंना जागच्या जागी रोखतं, असा त्याच्या सरांचा कयास होता. ते वेगळं काढायचं, त्याच्या अमिनो आम्लांच्या माळेत कोणता मणी कोणत्या जागी ओवलाय ते शोधायचं, मग तो क्रम भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवून मुंबईच्या संगणकाला विचारायचं, की बाबा रे, असला ऐवज आणखी कुणाकडे आहे का? आणि हे सगळं जमलं तर एक दिवस त्यातून औषध निघायचं. सोमवारी सकाळी यंत्रावर त्याची पाळी होती. ती हुकली तर पुढची पाळी दिवाळीनंतर, आणि शिष्यवृत्ती तर जूनमध्येच संपणार होती.

त्यात ते शहाऐंशी सालचं दुष्काळी वर्ष. निम्म्या गाई छावणीत, उरलेल्या भाकड. सगळ्या जळकोटात एकच देवणी गाय व्यायला झाली होती, ती धुरपदाकाकूंची. ती रविवारी पहाटे व्याली. वासराचं पोट भरल्यावर काकूंनी "औषधाला लागतंय म्हनतूस, मंग ने बाबा" म्हणत सरांनी मागितलेला दोन लिटर चीक काढून दिला होता. तो सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवून महारुद्र हमरस्त्यावरच्या दूध संस्थेत बर्फ आणायला गेला. जाताना आईला एवढंच बजावून गेला, "लई जपून ठेव. खराब होऊ देऊ नगं."

"तुला सांगितलं व्हतं ना, जप म्हनून!" तो आता म्हणाला.

"जपलाच की! ह्या उन्हात चीक खराब होऊ द्यायचा न्हाय म्हनल्यावर वाटल्याबिगर दुसरा काय विलाज हाय? आन दुसऱ्याच्या गाईचा चीक एका घरानं खाल्ला तर गाय आटती. पुण्यात जाऊन ह्ये बी इसरलास व्हय?"

जळकोटात चीक टिकवायची हीच एक रीत होती. घरोघर वाटीवाटी दिला की तो कुणाच्या तरी पोटात सुखरूप राहायचा.

"शिजवून वाटलास का कच्चा?" त्यानं जीव मुठीत धरून विचारलं.

"कच्चाच. ज्येचं त्येनं शिजवून घ्यायचं. आपल्या वाट्याचा तेवढा खरवस केलाय, तुझी वाटी झाकून ठिवलीय."

महारुद्र उठला आणि पुण्याहून आणलेला थर्मास काखोटीला मारून पळत सुटला. कच्चा असेल तर आशा होती. सरांनी डोळे वटारून सांगितलं होतं, "तापलं की संपलं. शिजलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही, तसंच हे."

पहिलं घर हिंमतरावांचं. हे दूध संस्थेचे चेअरमन, बर्फ यांच्याच चिठ्ठीवर मिळाला होता. आणि वाफ यांच्याच चुलीवरून येत होती.

"या, या, शास्त्रज्ञ! येळंवर आलास," हिंमतराव म्हणाले. "आवं, ऐकलं का? मथुराबाईच्या महारुद्राला खरवस द्या!"

"मामा, म्या खायला न्हाय आलो. कच्चा उरलाय का थोडा?"

"कच्चा कोन ठिवतंय? बस, आधी खा."

दारात आलेल्या माणसाला खरवस न देता माघारी धाडणारं घर जळकोटात नव्हतं, आणि खरवसाला नाही म्हणणारं पोरही तिथं अजून जन्मलं नव्हतं. महारुद्र वाटी संपवून उठला. दुसऱ्या घरी जायफळ घातलेला खावा लागला. तिसऱ्या घरी तर "इलायची न्हाय, गोड मानून घे" म्हणत दोन वाट्या पुढ्यात आल्या. ज्या प्रबंधासाठी तो तीन वर्षं झिजत होता, तो आता चमच्याचमच्यानं त्याच्याच पोटात चालला होता, आणि चव अशी लागली होती, की धड रडताही येईना.

चौथं घर बलभीम गुरुजींचं. याच गुरुजींनी त्याला सातवीत विज्ञान शिकवलं होतं आणि पुण्याला जायचं म्हटल्यावर स्वतः एस.टी.त बसवून दिलं होतं. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून ते शांतपणे खरवस खात होते. महारुद्रानं सगळी हकीकत सांगितली तसा त्यांचा हात तोंडापाशीच थांबला.

"अरे, मग हे प्रथिन गोठलं की! उष्णतेनं त्याची घडी विस्कटते. मीच तुला शिकवलं होतं, आठवतं का?"

"आठवतंय, गुरुजी."

"या वाटीतलं तर कामातून गेलं." त्यांनी वाटीकडे हळहळून पाहिलं, मग हातातला घास तोंडात टाकला. "गेलंच आहे तर वाया कशाला घालवा? तू पण घे. पण असा हातपाय गाळून बसू नकोस. सगळी घरं झाली का?"

"बानूबाईचं राहिलंय."

"मग बसलास काय? पळ!"

पोटात पाच वाट्या घेऊन माणूस किती पळणार? महारुद्र पोट धरत वेशीजवळच्या बानूबाईंच्या घरापाशी पोचला. चुलीतून धूर नव्हता. म्हणजे शिजवून, खाऊन, भांडीसुद्धा झाली असणार. तो दारातच टेकला.

"मावशे, चीक शिजला का हो तुमचा?"

"कशाचा शिजतोय?" बानूबाई आतून आल्या. "घरात गुळाचा खडा न्हाय. सोसायटीच्या दुकानात उद्या येनार हाय म्हनं. रांजनाच्या बुडाला वाळू गार असती, तितं तांब्या ठिवलाय, वल्लं फडकं गुंडाळून."

महारुद्र ताडकन उठला. तांब्यात तळाशी पेलाभर चीक होता. पिवळाधमक, दाट आणि गार. त्यानं हात जोडले.

"मावशे, म्हागारी मागायला लाज वाटती. पर ह्यो मला पायजे. औषधासाठी."

"कशाचं औषध रं?"

"तान्ह्या लेकरांच्या हगवनीचं. लगीच न्हाय व्हायचं, लई वरसं लागतील. पर झालं तर ह्याच्यातनंच व्हईल."

बानूबाईंनी तांब्या उचलला. गेल्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी पिऊन त्यांची चार महिन्यांची नात दोन दिवसांत गेली होती. महारुद्राला ते आत्ता आठवलं, आणि आपण बोललो कशाला असं त्याला झालं.

"समदा ने," त्या म्हणाल्या. "तांब्या बी ने. थेंब सांडू नगंस."

त्यांनी स्वतःच्या हातानं चीक थर्मासात ओतला आणि तांब्याही त्याच्या पिशवीत घातला. महारुद्र घरी पळत गेला, त्याच्यासाठी झाकून ठेवलेली खरवसाची वाटी घेऊन परत आला आणि बानूबाईंच्या पुढ्यात ठेवली. "मायनं केलाय, खावा," तो म्हणाला. संध्याकाळच्या सोलापूर गाडीत तो थर्मास मांडीवर घेऊन बसला, पाय पसरायला जागा असूनही पसरले नाहीत, आणि सोमवारी उजाडता प्रयोगशाळेत हजर झाला.

डॉ. केळशीकर सर वाटच बघत होते. त्यांनी थर्मासात डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"एवढंच?"

"सर, चुकलं माझं. दोन लिटर होता, पण..." महारुद्रानं आई, हिंमतराव, गुरुजी, बानूबाई, सगळं सांगितलं. आपण खाल्लेल्या वाट्याही लपवल्या नाहीत. "पाळी रद्द करू का, सर?"

"पाळी कशाला रद्द करायची? यंत्राला दोन चमचे पुरतात."

"मग सर, दोन लिटर कशाला सांगितलं होतं?"

सरांनी दार लोटून घेतलं आणि टेबलाचा खण उघडला. आत साखरेची पुडी, वेलदोडे आणि किसणीसकट अख्खं जायफळ होतं.

"बायको पुण्याची. तिला खरवस भुकटीचा आवडतो," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, उरलेला इथंच वाफवावा."

महारुद्राला हसू आवरेना. कालपासून छातीवर धोंडा घेऊन फिरलेला माणूस असा हसत सुटला, की शेवटी सरही हसले. मग दोघांनी हात धुतले आणि बानूबाईंचा चीक औषध मोजावं तसा मोजून कामाला घेतला. आठवड्याअखेरीस काचेच्या ताटलीत जंतू चहूकडे माजले होते, पण जिथं त्या प्रथिनाचा थेंब पडला होता तिथं एकानंही पाय ठेवला नव्हता. सर कितीतरी वेळ ताटली उजेडाला धरून उभे होते. महारुद्राला बानूबाईंचा हात आठवला आणि त्याचे डोळे भरून आले.

"पुढच्या वेळी पाच लिटर आण," सर म्हणाले.

"पाच? सर, यंत्राला तर दोन चमचे..."

"दोन चमचे यंत्राला, वाटीभर मला," सरांनी ताटली जपून खाली ठेवली, "आणि बाकीचा तुझ्या आईला वाटायला. त्या माउलीनं वाटला नसता, तर तो उन्हात किटलीतच नासला असता, बानूबाईंच्या गार वाळूत कसा पोचला असता?"