दुसऱ्या अंतऱ्यातला घुमारा

सांगली-सातारा भागातला सुशिक्षित मनुष्य सेवानिवृत्तीनंतर दोहोंपैकी एक गोष्ट करतो. तो घरावर मजला चढवतो, किंवा भावगीत लिहितो. सांगलीच्या विश्रामबागेतील माझ्या घराचा पाया मजला पेलणारा नव्हता, म्हणून मी भावगीत लिहिले. भावगीताला पाया लागत नाही.

माझी योग्यता येथे नमूद करणे आवश्यक आहे. मी आयुष्यभर पाठचिकित्सा केली. जुन्या काव्यातील कोणती ओवी मूळ कवीची आणि कोणती मागाहून कोणी घुसडलेली, हे ठरवण्याचे ते शास्त्र. त्यात मी इतका निष्ठुर होतो, की एका संतकवीच्या नावावरील निम्मी रचना मी प्रक्षिप्त ठरवली आणि त्यांच्या गावच्या उत्सवाचे निमंत्रण कायमचे गमावले. अस्सल आणि नक्कल यांतला फरक मला वासावरून कळतो, असे मी वर्गात सांगत असे. विद्यार्थी ते लिहून घेत.

असे गीत हेमांगिनीताईंनीच गायला हवे, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. महाराष्ट्रातील कोणत्याही गीतकाराच्या मनात ती नसते. ताईंच्या स्वरन्यासाचे कार्यालय साताऱ्यात, सदर बझारात आहे. न्यासाच्या नियमाप्रमाणे ताई कागदावरचे शब्द वाचत नाहीत. गीत दुसऱ्या कोणाकडून गाऊन घेऊन, म्हणजे डेमो करून पाठवायचे, आणि तेही 'ताईंनी गायल्यास कसे वाटेल याची यथार्थ कल्पना यावी' अशा रीतीने. जे डेमो वापरले जात नाहीत ते 'अप्रयुक्त गीत कक्षा'त आदरपूर्वक जतन होतात. ते परत मिळत नाहीत. आदर एकदा केला की परत करता येत नाही, अशी न्यासाची भूमिका आहे.

यथार्थ कल्पना देण्यासाठी मी पल्लवीला बोलावले. ती आटपाडीकडची, मेंढरे राखणाऱ्या घरातली. आमच्याच महाविद्यालयातून पदवी घेऊन ती आता लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गात होती. कोणत्याही गायिकेचा आवाज ती हुबेहूब काढी.

"कुणाचाबी गळा घालते मी, सर," ती म्हणाली. "फकस्त तुमचा न्हाई जमायचा. तुमच्यात श्वास घ्यायला जागाच न्हाई."

ध्वनिमुद्रण आष्ट्याला झाले. तेथे वीरधवल नावाच्या तरुणाने वडिलांच्या हळदीच्या गोदामाचा स्टुडिओ केला आहे. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले आहेत, परंतु हळद अद्याप गेलेली नाही. पल्लवीचे नाक पाचच मिनिटांत चोंदले, आणि हेमांगिनीताईंचा तो सुप्रसिद्ध 'दाटलेला स्वर', ज्याच्यावर दोन जणांनी पीएच.डी. मिळवली आहे, आपोआप अवतरला. दुसऱ्या अंतऱ्याला बाहेरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह गेला. गोदामाचे पत्रे घुमले. वीरधवलने गाणे पुन्हा घेण्याचे सुचवले. गळिताचा हंगाम असला तरी दोन ट्रॅक्टरांच्या मधे एक गाणं बसतंय, असा त्याचा अनुभव होता. हा तर केवळ डेमो, असे सांगून मी त्याला थांबवले.

पल्लवीचे एकच मागणे होते. गाण्याआधी तिचे नाव मुद्रित करावे. ताईंच्या कानावर ते पडले आणि त्यांनी तिला कोरसात घेतले, तरी तिचा जन्म सार्थकी लागणार होता. डेमो गाणाऱ्याचे नाव घालण्याची प्रथा नाही, हे मी तिला समजावून सांगितले. मात्र ताई जेव्हा विचारतील की ही मुलगी कोण, तेव्हा पहिले नाव तिचेच सांगेन, असा शब्द दिला.

"इच्चारतील न्हवं?"

"विचारणारच."

न्यासाचे उत्तर आले. त्यात गीताविषयी गौरवोद्गार होते आणि शेवटी खेद होता. ताई एकदा गायलेले गीत पुन्हा गात नाहीत.

हा लेखनिकाचा प्रमाद असणार, असे समजून मी साताऱ्याची एस.टी. धरली. अप्रयुक्त गीत कक्षाचे प्रमुख यशराज हे अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ निघाले. त्यांनी डेमो लावला, डोळे मिटले, आणि हा ताईंचा मधल्या काळातला आवाज असल्याचे सांगितले. हा आवाज आटपाडीकडच्या एका मुलीचा आहे, असे मी म्हणालो. त्यांनी मला पाणी दिले.

मग त्यांनी मार्ग सांगितला. ताईंनी हे गीत गायलेले नाही असा दाखला आणल्यास न्यास ते विचारार्थ घेईल. असा दाखला देण्याचा अधिकार फक्त न्यासाला. न्यास तो तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून देतो, आणि समिती शिफारस करते ती गीत ऐकून.

समितीत तीन तज्ज्ञ होते. त्यांनी डेमो ऐकला आणि आवाज ताईंचाच असल्याचा एकमुखी निर्णय दिला. मतभेद फक्त काळाविषयी होता. निर्णायक पुरावा दुसऱ्या अंतऱ्यातला घुमारा. असा खर्जातला वाद्यमेळ आजकाल कोणाला जमत नाही, त्यावरून ध्वनिमुद्रण जुने असल्याचे सिद्ध झाले. तो ट्रॅक्टर आहे, हे मी विनयपूर्वक निदर्शनास आणले. एका तज्ज्ञाने माझ्याकडे, मी एके काळी नापास विद्यार्थ्यांकडे पाहत असे तसे पाहिले.

तेव्हा मी पल्लवीलाच समितीपुढे उभे केले. तिने तेच गीत गायले. साताऱ्यात हळद नसल्याने तिने बोटाने नाकपुडी किंचित दाबून धरली. समिती प्रसन्न झाली. नक्कल उत्तम असल्याचे समितीने नोंदवले, आणि पुढे विचारले की मूळ अस्तित्वातच नसेल, तर इतकी उत्तम नक्कल होईल कशी?

हा युक्तिवाद मी चाळीस वर्षे वापरला होता. त्यावर उत्तर नाही, हे मला ठाऊक होते.

शेवटचा उपाय म्हणून प्रकरण स्वतः ताईंपुढे गेले. आम्हाला दिवाणखान्यात बसवण्यात आले. ताईंनी गीत ऐकले. दुसऱ्या अंतऱ्याला त्यांचे डोळे भरून आले.

"आठवलं," त्या हळूच म्हणाल्या. "त्या दिवशी मला किती सर्दी झाली होती."

पल्लवी माझ्याकडे पाहत होती. ही मुलगी कोण, हे ताई आता विचारतील आणि मी नाव सांगेन, याची ती वाट पाहत होती. ताईंनी खरोखरच विचारले. ही कोण?

मी तोंड उघडले. त्याच वेळी यशराज यांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. गीत 'हेमांगिनीताईंचे हरवलेले गाणे' म्हणून प्रकाशित होणार होते. गीतकार म्हणून माझे नाव होते, ताईंच्या नावाच्या लगेच खाली आणि जवळजवळ त्याच टंकात. त्यासाठी आवाज ताईंचाच असल्याचे मी, पाठचिकित्सेतील अधिकारी पुरुष या नात्याने, प्रमाणित करायचे होते.

"माझी विद्यार्थिनी," मी म्हणालो. "आपली चाहती आहे."

वाचकांनी यास लबाडी समजू नये. हा शास्त्रीय निर्णय होता. दोन साक्षी परस्परविरोधी असतील तर अधिक प्रतिष्ठित साक्ष ग्राह्य धरावी, हे मीच माझ्या ग्रंथात लिहिले आहे. एकीकडे ताईंची स्मृती, समितीचे एकमत आणि न्यासाची मोहोर. दुसरीकडे माझे स्वतःचे दोन कान. मी सही केली. यशराज यांनी कंदी पेढे वाटले.

परतीच्या गाडीत कराड आल्यावर पल्लवीने विचारले.

"सर, गाणं ताईंनी म्हणलं. मग मी काय म्हणलं?"

"ती त्याची प्रत झाली."

"प्रत आदी, आन मूळ मागनं?"

शास्त्रात अशी उदाहरणे आढळतात, असे मी म्हणालो.

"आवं, मग शास्त्राला पेढं द्या की," ती म्हणाली, आणि माझ्या हातातला पुडा काढून घेऊन तिने पेढे गाडीभर वाटून टाकले. कंडक्टरने दोन घेतले.

पुढचे आपणास ठाऊक आहे. ते गीत लग्नात वाजते, दहाव्याला वाजते, बँकेला फोन लावला की वाजते. आजच्या गायिकांना तो दाटलेला स्वर का साधत नाही, यावर दोन परिसंवाद झाले. दोहोंत मी अध्यक्ष होतो. घुमाऱ्यावर एका विद्यार्थ्याने प्रबंध हाती घेतला असून मार्गदर्शक मीच आहे. वीरधवलच्या स्टुडिओत नवे गायक येतात आणि तो जुना घुमारा हवा म्हणून हट्ट धरतात. तो त्यांना हंगाम सुरू होईपर्यंत थांबायला सांगतो. त्यांना तो विनोद वाटतो.

गेल्या वर्षी सांगलीत हेमांगिनी गीतगायन स्पर्धा झाली. विजेतीला ताईंच्या पुढील दौऱ्यात कोरसात स्थान मिळणार होते. मुख्य परीक्षक अर्थातच मी. शेवटची स्पर्धक पल्लवी होती. तिने आपले नाव आणि गाव माइकवर स्पष्ट सांगितले, आणि ते गीत गायले. या वेळी नाक दाबले नव्हते. मोकळ्या गळ्याने, स्वतःच्या आवाजात गायली. माझ्या अंगावर काटा आला, हे मी येथे नाकारत नाही. गुणपत्रिकेत काट्याचा रकाना नव्हता.

तिला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळाले. स्पर्धकांना मार्गदर्शन करताना मी म्हणालो की प्रयत्न स्तुत्य आहे, परंतु मूळ गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यातला घुमारा साधलेला नाही.

पल्लवीने प्रमाणपत्राची सुरळी केली.

"तेवडा ट्रॅक्टर आणायचा ऱ्हायला, सर," ती म्हणाली.

सभागृह हसले. आटपाडीकडची मुलगी, ट्रॅक्टरचेच बोलणार, अशा अर्थाने हसले. तुम्हीही हसलात. तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. ती गात असताना दुसऱ्या अंतऱ्याला तुम्ही डोळे मिटून बोट वर केले होते, घुमारा न आल्याने ते खाली घेतले होते, आणि शेजाऱ्याकडे झुकून म्हणाला होतात, "ओरिजनल ते ओरिजनल." गुण भरण्यापूर्वी मी एकदा मान वर करून पाहिले, ते तुमच्याकडेच. तज्ज्ञ मत घेतल्याशिवाय मी कधीच निर्णय देत नाही.