आवाजावर सुटणारी तबकडी

दक्षा केस पुसत होती, तेव्हा तिच्या उजव्या खांद्यावरचा जांभळा डाग चंद्रावतीला दिसला. डाग तळहाताएवढा होता आणि कडांना हिरवट पडत चालला होता. चंद्रावतीने हातातला चहाचा टोप खाली ठेवला.

"कोणी मारलं गो?"

"कोणी नाय, आये."

"मग काय खांद्यावर नारळ पडला?"

दक्षाने ओढणी सावरली आणि "क्लासला उशीर होतोय" म्हणत ती बाहेर पडली. कॉलेजला सुट्टी लागल्यापासून ती तलासरीला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. कॉम्प्युटरने माणसाचा खांदा काळानिळा होत नाही, एवढं चंद्रावतीला कळत होतं. नवरा भिकू बोटीवर होता, म्हणजे छडा तिलाच लावायचा होता. तिने मासळीची पाटी जावेच्या हवाली केली आणि पुढच्या एस.टी.ने ती लेकीच्या मागे निघाली.

तलासरीच्या स्टँडवर चौकशी केल्यावर एक जीपवाला म्हणाला, "ती डहाणूची पोरगी ना? ती उधवा गावाला जाणाऱ्या जीपमध्ये बसते रोज. माळावर उतरते."

"माळावर कसला क्लास?"

"बंदुकीचा."

चंद्रावती जीपमध्ये बसली. वाटेत ती एक शब्दही बोलली नाही. डहाणूच्या बाजारातलं कोणी सोबत असतं, तर त्याला ही गोष्ट काळजीची वाटली असती. चंद्रावतीने सरंग्याचा भाव सांगितला की तो खाडीपलीकडे ऐकू जायचा.

माळावर एक दोर बांधला होता. दोराच्या मागे बाकांवर काही मुलं-मुली बसली होती. पुढे एकटी दक्षा उभी होती, कानांत बोळे, खांद्याला दुनळी बंदूक. शेजारी शिकवणाऱ्या रुपल मॅडम होत्या. मूळच्या उंबरगावच्या, बोलायला शांत आणि शिस्तीला कडक. समोरच्या खड्ड्यात एक यंत्र होतं. नेमबाजाने "पुल" म्हटलं की त्याच्या पुढ्यातला माइक तो आवाज पकडायचा आणि यंत्रातून भगव्या रंगाची तबकडी आकाशात भिरकावली जायची. ती खाली पडायच्या आत छऱ्याने फोडायची, एवढाच खेळ होता. दक्षाने अजून एकही फोडली नव्हती.

तिने श्वास घेतला. "पुल" म्हणायला तोंड उघडलं.

"दक्षेऽऽ!" मागून चंद्रावती गरजली.

माइकला आवाज कोणाचाही चालत होता. तबकडी सुटली. दक्षाने विचार करायच्या आत बंदूक वळवली आणि घोडा दाबला. आकाशात भगव्या चुऱ्याचा ढग झाला.

बाकांवरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. रुपल मॅडमनी वाजवल्या नाहीत. त्यांनी आधी दक्षाला बंदूक उघडून काडतूस काढायला लावलं, मग त्या दोराकडे आल्या.

"मावशी, इथे असं ओरडायचं नाही."

"माझ्या पोरीला कोणी मारलं ते सांगा, मग गप बसते."

"बंदुकीने मारलं. दस्ता खांद्यात घट्ट दाबून धरला नाही, तर असा धक्का बसतो. मी रोज सांगते, ती रोज घाबरून सैल धरते."

दक्षा मान खाली घालून आली. "बंदूक म्हटलं असतं, तर पाठवलं असतंस का?"

"नसतंच पाठवलं. चल घरी."

"एवढी उरलेली काडतुसं होऊ दे," दक्षाने विनवलं. चंद्रावती तणतणत बाकावर बसली. दक्षा परत जाऊन उभी राहिली. आता ती स्वतः "पुल" म्हणत होती आणि तबकडीमागून तबकडी शाबूत खाली पडत होती. ती नळी नीट लावायची, लागली की नाही बघायला क्षणभर थांबायची, आणि तेवढ्यात तबकडी पुढे निघून जायची.

रुपल मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्या चंद्रावतीकडे आल्या. सांगायला त्यांना जड जात होतं.

"मावशी, विचार केला की हिची बंदूक थांबते. तुम्ही ओरडलात तेव्हा हिला विचार करायला वेळच मिळाला नाही. परत एकदा ओरडाल?"

"काय ओरडू?"

"काहीही. फक्त तिला कळू न देता."

चंद्रावती ओरडली. तबकडी फुटली. परत ओरडली, परत फुटली. "बोंबील घ्या, बोंबील!" याला सर्वांत छान फुटली. आई लेकीला घरी न्यायला आली होती. ती दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने लेकीबरोबर आली, तिसऱ्या दिवशी लेकीच्या आधी तयार होऊन बसली. हळूहळू दक्षाच्या खांद्यावरचा डाग फिका पडला. तिची बंदूक आता मध्येच थांबत नव्हती.

कॅम्पच्या शेवटच्या दिवशी परीक्षा होती. पास होणाऱ्यांना पुढचं शिक्षण फुकट मिळणार होतं. नियम साधा होता: नेमबाजाने स्वतःच आवाज द्यायचा, बाकी कोणी तोंड उघडायचं नाही. चंद्रावतीने पदराचा बोळा करून तोंडात धरला आणि ती बाकावर बसली.

"पुल!" दक्षा म्हणाली. तबकडी फुटली. पुढचीही फुटली. त्यापुढचीही. रुपल मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं.

मग दक्षा थांबली. बंदूक भरलेली होती, बोट घोड्याजवळ होतं. आणि ती पुरती मागे वळली, बंदुकीसकट.

बाकांवरची सगळी मुलं एकदम जमिनीवर आडवी झाली. चंद्रावतीही झाली, पण तोंडातला पदर तिने सोडला नाही.

"नळी खाली," रुपल मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या. "उघड. काडतूस काढ. दक्षा, तू बाद."

पहिल्या दिवसाचा पहिला धडा तो होता: काही झालं तरी नळी माणसाकडे वळता कामा नये. दक्षाने बंदूक ठेवली.

चंद्रावती उठली, साडीची माती झटकली आणि तडक रुपल मॅडमकडे चालू लागली. आता काय होणार, हे मुलांना ठाऊक होतं. सगळी दोन्ही बाजूंना सरकली.

"मॅडम," चंद्रावती म्हणाली, "बरोबर केलंत. नळीसमोर मीच होते."

मग ती लेकीकडे वळली. "पण तू वळलीस कशाला गो? चांगली फोडत होतीस."

दक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू एवढा वेळ गप होतीस. कधी असतेस का? मला वाटलं, तुला उन्हाने काहीतरी झालं."

चंद्रावतीने पदराने लेकीचं तोंड पुसलं, मग त्याच पदराने स्वतःचं.

"दिवाळीनंतर नवीन कॅम्प आहे," रुपल मॅडम म्हणाल्या. "पहिल्यापासून यायचं. आधी रिकामी बंदूक."

तलासरीच्या स्टँडवर डहाणूच्या एस.टी.ची वाट पाहत दोघी बसल्या. चंद्रावती म्हणाली, "पुढच्या टायमाला मी येत नाय. मी बोलले तरी पंचाईत, नाय बोलले तरी पंचाईत."

"ये गं. तू नसलीस तर मी आणखीच वळून बघेन."

"मग करू काय?"

दक्षाने विचार केला. "मधून मधून नुसती खोक. हळू. म्हणजे मला कळेल, तू आहेस."

चंद्रावतीला ते पटलं. तिने घसा साफ केला आणि एकदा हळूच खोकून पाहिलं. फलाटावर उभ्या असलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने दचकून डबल बेल दिली, आणि गाडी अर्धे प्रवासी खाली ठेवून सुटली.