इनास सरांचा बस्त्याव

बस्त्यावला मी मारलं. ताशी बहात्तर किलोमीटर वेगाने.

मुद्दाम नव्हे. उत्तर पूर्णांकात यावं म्हणून. झाड वीस मीटर उंच घेतलं आणि गुरुत्वाकर्षणाचा g दहा धरला की पडणाऱ्याचा वेग सेकंदाला बरोबर वीस मीटर येतो, पोरांना वर्गमूळ काढताना घाम फुटत नाही. मी गणिताचा शिक्षक. वर्गमूळ सुटतंय एवढंच मला दिसलं. झाडावर माणूस आहे हे ध्यानातच आलं नाही.

पण हा बस्त्याव कोण ते कळायला आधी इनास सर कळले पाहिजेत.

वसई स्टेशनजवळ एका इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचा क्लास आहे. खाली मेडिकल, शेजारी ब्युटी पार्लर. अकरावी-बारावीला मी गणित घेतो आणि इनास सर फिजिक्स. सर गिरीजच्या वाडीतून सायकलवर येतात, पँटला क्लिपा लावून. वर्गात शिरल्यावर त्या काढायच्या राहतात, त्यामुळे आमच्याकडे न्यूटन गेली कित्येक वर्षं घोट्यापाशी आवळलेल्या पँटमधूनच शिकवला जातो. साठी ओलांडली, डोक्यावर केस नाही, आवाज मात्र असा की भिंतीपलीकडे फेशियल करून घेणाऱ्या बायकांनाही तीनही नियम पाठ झालेत. लग्न केलेलं नाही. आम्ही स्टाफरूममध्ये त्याचं खापर घर्षणावर फोडतो.

त्यांची एक खोड आहे. 'एक वस्तू', 'एक व्यक्ती', 'm वस्तुमानाचा ठोकळा' हे शब्द त्यांना सहन होत नाहीत. फळ्याशी उभा असलेला पोरगा म्हणतो, "सर, एक ठोकळा उतारावरून घसरतोय..." की सरांचा हात वर.

"कोणाचा?"

"काय कोणाचा, सर?"

"ठोकळा कोणाचा? कोणी सोडला? खाली कोण उभं आहे? वरच्याने खालच्याला आवाज दिला का?"

पोरगा पुस्तकात बघतो. पुस्तकात यातलं काही नसतं. मग सर डस्टर टेबलावर आपटतात. "मालक नसलेला ठोकळा म्हणजे बेवारस सामान. पोलिसांना कळवा, माझ्याकडे आणू नका."

म्हणून सर सरावाची गणितं स्वतः रचतात. दर सोमवारी एक शीट, मराठीत. बोर्डाचा पेपर इंग्रजीत असतो असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "पोरं लिहितात इंग्रजीत, मास्तर. पण पडतात मराठीत." आणि प्रत्येक शीटमध्ये, पहिल्या गणितापासून शेवटच्यापर्यंत, बस्त्याव.

बस्त्याव रहाटाने पाणी काढतो. होडीतून धक्क्यावर उडी मारतो आणि होडी मागे सरकते. (होडी धरायला सरांनी दोन माणसं ठेवलेली असतात, त्यांचंही वस्तुमान दिलेलं असतं.) माडावर चढून नारळ खाली सोडतो, पण आधी आवाज देतो, आणि आवाज खाली पोचायला किती वेळ लागेल हा त्या गणिताचा उपप्रश्न असतो. लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा राहणारा माणूस जगातल्या सगळ्या पुस्तकांत आहे, पण तो तिथे का उभा आहे हे फक्त सरांनाच माहीत. बस्त्याव विरारच्या एका टॉवरमध्ये केळी विकायला गेलाय, आणि लिफ्ट वर जायला लागली की तेवढ्यात घड काट्यावर टाकतो, म्हणजे वजन जास्त भरतं. हे गणित आमची पोरं जन्मात विसरत नाहीत. विरारच्या एक पालक तर मला सांगत होत्या की आता त्या भाजीवाल्याला लिफ्टमध्ये घेतच नाहीत.

दुसरा त्यांचा नियम, 'दिलेलं ते दिलेलं.' गणितात जे दिलंय त्याला हात लावायचा नाही. एकदा छापताना तीस किलोच्या घडावर एक शून्य जास्त पडलं आणि बस्त्यावने रहाटावरून तीनशे किलोची केळी वर ओढली. मी म्हटलं, सर, दुरुस्ती सांगून टाका. "दिलेलं ते दिलेलं," सर म्हणाले. पुढचा महिनाभर प्रत्येक गणितात एक ओळ होती, 'उजवा खांदा दुखावल्यामुळे बस्त्याव फक्त डाव्या हाताने बल लावतो.' पोरं रोज विचारायची, "सर, खांदा कसा आहे?" सर गंभीरपणे सांगायचे, "शेक देतोय."

आणि अशा माणसाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस वाचायला बंदी केली, म्हणून त्या सोमवारची शीट माझ्याकडे आली. मला काय, आनंदच झाला. वीस वर्षं मी त्रिकोणमितीत काढलेली, एकदा तरी गोष्टीत शिरावं असं वाटत होतंच. मी लिहिलं:

'बस्त्याव 20 मीटर उंच माडावरून जमिनीवर पडला. g = 10 आणि हवेचा विरोध नगण्य मानून, जमिनीवर आदळताना त्याचा वेग काढा.'

मंगळवारी वर्गात उत्तर निघालं. एका उत्साही पोराने ते ताशी किलोमीटरमध्येही करून दाखवलं. साठ पोरांचा वर्ग एवढा गप्प मी परीक्षेतही पाहिला नव्हता. पहिल्या बाकावरची रेनिशा उभी राहिली. गिरीजचीच मुलगी, हुशार, कधी आवाज न चढवणारी.

"सर, बस्त्याव मेला?"

इथे मी सावरू शकलो असतो. मी म्हणालो, "त्याचा उत्तराशी संबंध नाही."

ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मर्डर!" पलीकडे पार्लरमधला ड्रायर बंद झाला. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "नारळ पाडला असता तर काय बिघडलं असतं?"

गुरुवारी सर आले. काळा गॉगल, क्लिपा जागच्या जागी. मला वाटलं, भडकतील. त्यांनी गॉगल कपाळावर चढवला, शीट नाकाशी धरून एका डोळ्याने वाचली, आणि खुर्चीवर बसले.

"खाली कोण उभं होतं?"

"कुठे, सर?"

"झाडाखाली."

"कोणी नाही. गणितात तशी गरज नव्हती."

"गरज नव्हती," ते म्हणाले. एवढंच. सरांचा आवाज त्या दिवशी भिंतीपलीकडे गेला नाही.

मी घाईघाईने म्हटलं, बस्त्यावच्या जागी नारळ करू, नवीन शीट वाटू, झेरॉक्स माझ्याकडून. त्यांनी मान हलवली. दिलेलं ते दिलेलं. "पण तो वाचला पाहिजे, मास्तर. रविवारच्या आत."

"रविवारीच का?"

"रविवारी शीट घरी वाचायची असते." आणि त्यांनी गॉगल खाली ओढला. कोणाला वाचायची असते हे विचारायचा मला धीर झाला नाही.

शनिवारी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बस्त्याव वाचला. कसा, ते सिद्ध करा. दिलेलं बदलायचं नाही.' असा वर्ग मी पुन्हा पाहीन असं वाटत नाही. पोरं बाकांवर चढली होती.

"सर, खाली बावखल होतं! पाण्यात पडला!" प्रत्येक वाडीत एक तळं असतंच, त्यामुळे अर्ध्या वर्गाला हेच सुचलं होतं.

"जमिनीवर पडला असं दिलंय." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर.

"पेंढ्याच्या ढिगावर पडला!"

"पेंढा म्हणजे जमीन नव्हे."

"सर, त्याने झावळ्या धरल्या होत्या दोन्ही हातांत. पॅराशूट!"

"हवेचा विरोध नगण्य. मास्तरांनी हवासुद्धा ठेवली नाही त्याला."

एकेक दार बंद होत होतं आणि प्रत्येक दाराला कडी मीच घातलेली होती. सर घाम पुसत होते. गणित सोडवताना घामाघूम झालेला शिक्षक पोरांनी पहिल्यांदाच पाहिला असेल. तेवढ्यात रेनिशाने हात वर केला.

"सर, g दहा दिलाय."

"हो."

"वसईत g दहा नाही. नऊ पूर्णांक आठच्या आसपास आहे. पृथ्वीवर कुठेच दहा नाही. म्हणजे जो पडला तो आपला बस्त्याव नव्हेच. दुसरा कोणीतरी. दुसऱ्याच ग्रहावरचा."

सर असे हसले, असे हसले की डॉक्टरांनी डोळ्याला ताण देऊ नका सांगितलं होतं याची मला ओरडून आठवण करून द्यावी लागली. पोरांनी बाक बडवले. माझ्या आळसाने मारलेल्या माणसाला माझ्याच आळसाने वाचवलं होतं. हे मी सरांना बोलूनही दाखवलं, जरा श्रेय मिळावं म्हणून.

"उद्या घरी या," सर म्हणाले. "तुम्ही पाडलंत. तुम्हीच वाचून दाखवा."

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर मी गिरीजला गेलो. केळीतून पाऊलवाट, अंगणात पांढरा क्रूस, त्यामागे जुनं कौलारू घर. ओट्यावर चाकांच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. हात वल्ह्यांसारखे दणकट, पायांवर पांघरूण.

"माझा मोठा भाऊ," सर म्हणाले. "बस्त्याव." आणि चहा टाकायला आत गेले.

माझ्या हातात शीट होती. मी ती पाठीमागे लपवली.

"लपवू नको," म्हातारा म्हणाला. त्याच्या बोलण्यात 'तुम्ही' नव्हतंच. "मंगळवारीच ऐकली. रेनिशा बाजूच्या वाडीतली. रडत आली, म्हनाली, बस्त्याव बाबा, तुला मास्तरनी मारला. मी हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिलो."

मी काहीतरी पुटपुटलो. क्षमा हा शब्द त्यात असावा.

"अरे, मी खरंच पडलो ना माडावरून. विशीत होतो. वीस मीटर नाय रे, एवढं कोन चढतो? इनासचा त्या दिवशी पेपर होता, हाच, फिजिक्सचा. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच, मी खाली असतो तर. अरे, तो खाली असता तर मी त्याच्याच डोक्यावर पडलो असतो! मग घरात दोन खुर्च्या. चहा कोनी केला असता?"

आतून कपबशांचा आवाज आला. बस्त्याव पुढे वाकला, आवाज उतरवून म्हणाला, "इतकी वर्षं मला झाडावर चढवतो आनि हळूच खाली उतरवतो. दोरी काय, शिडी काय, खाली मानसं काय! पडायलाच देत नाय. तू एकदाचा सोडलास. मोकळं वाटलं बघ. पन हा जेवेना. दोन दिवस नुसता ताटाकडे बघत बसला. त्याला वाटतं, मला काय ठाऊकच नाय. मग मीच पोरीला सांगितलं, शनिवारी वर्गात असं असं बोल."

"g दहाचं?" मी विचारलं. "ते तुमचं?"

"दर रविवारी ऐकतोय, काय तरी राहील ना डोक्यात? पन त्याला सांगू नको. पोरीला शाबासकी मिळू दे."

सर ट्रे घेऊन आले. रविवारीही पँटला क्लिपा होत्याच. त्यांनी भावाच्या बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि खाली दोन गणितं वाढवलेली शीट माझ्या हातात देऊन खूण केली.

मी पहिलं गणित वाचलं. 'पडला' या शब्दाला बस्त्यावने खुर्चीचे हात घट्ट धरले. "अरे देवा!"

"थांब, थांब, पुढे ऐक," सर घाईने म्हणाले.

'2. वरील बस्त्याव वसईचा नव्हे हे सिद्ध करा.' बस्त्यावने कपाळावर आठ्या घालून बराच विचार केला. असा नट मी रंगभूमीवरही पाहिलेला नाही. शेवटी सरांनीच उत्तर सांगितलं, तेव्हा त्याने मांडीवर थाप मारली आणि पोरीचं फार कौतुक केलं.

तिसरं सरांनी रात्री नव्याने रचलं होतं. 'त्याच वेळी वसईचा बस्त्याव राजोडीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूवरून सायकल चालवत होता. वारा पाठीमागून होता. त्याने पायडल मारणं थांबवलं. तो किती अंतर जाईल?'

बस्त्यावने डोळे मिटले. त्याचा एक हात खुर्चीच्या चाकावर होता आणि तो ते चाक जागच्या जागी किंचित पुढे, किंचित मागे करत होता. उत्तर कोणी विचारलं नाही. सर बशी धरून उभे होते, चहा निवला होता.

"बराच जाईन," बस्त्याव डोळे न उघडता म्हणाला. "वारा पाठीमागून आहे ना."

"हो," सर म्हणाले. "चांगला वारा आहे."

मग त्याने डोळे उघडले, बशी घेतली, एका घोटात संपवली.

"इनास, हे पहिलं गनित कोनी काढलं?"

सरांनी कपानेच माझ्याकडे बोट दाखवलं. बस्त्यावने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जणू कधी पाहिलंच नव्हतं.

"मास्तर, तू तुझं गनितच शिकव," तो म्हणाला. "गोष्टी सांगायच्या नादाला लागू नको. पहिल्याच ओळीत मानूस मारून बसतोस, पुढे ऐकायला कोन थांबेल?"